माझ्यावरचा डाग धुऊ नका

मी टोपी बोलते आहे. खादीची, दोन टोकांची, राजुरीच्या भगवंतरावांच्या डोक्यावरची. पांढरी म्हणवत नाही, कारण माझ्या उजव्या अंगाला तळहाताएवढा जांभळा डाग आहे. तो पाहून लोक हळहळतात. त्यांनी हळहळू नये, एवढ्यासाठी हे बोलणे.

माणसांनी आम्हा टोप्यांवर फार अन्याय केला आहे. फसवतात ते, आणि म्हणतात, 'टोपी घातली.' शब्द मोडतात ते, आणि म्हणतात, 'टोपी फिरवली.' मी कोणाला फसवलेले नाही. उन्हात डोके झाकायचे आणि देवापुढे त्या डोक्याबरोबर वाकायचे, हे माझे काम. ते मी चोख केले आहे.

माझा जन्म नारायणगावच्या पेठेतला. खेमचंद शेठच्या कापडदुकानामागे सुभाष शिंप्याने मला शिवले. शेठचे पूर्वज राजस्थानातून आले. शेठची थट्टा मात्र अस्सल इथली. मला कागदात गुंडाळताना ते म्हणाले, "भगवंतराव, टोपी न्या, पण कुणाला घालू नका."

"शेठ, डोकं एकच हाय. त्यालाच पुरंल."

दोघे हसले. मी मात्र ते बोलणे मनावर घेतले.

भगवंतरावांना एकच मुलगी, तेजस्विनी. शेतीची पदवी घेऊन ती वर्षभरासाठी ऑस्ट्रेलियाला गेली. देश पाहायचा, आणि पाहता पाहता काम करून पोट भरायचे, अशी तिथल्या सरकारची परवानगी तिला मिळाली होती. गावाला हे उमगेना. शिकायला गेली म्हणावे तर कॉलेज नाही. नोकरीला गेली म्हणावे तर वर्षाने परत. तेव्हा भगवंतरावांचे धाकटे भाऊ गोरख यांनी आपल्या मनाने उत्तर देऊन टाकले: पोरगी तिकडे ऑफिसात साहेब आहे. भगवंतरावांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. मौन हे दर वेळी व्रतच असते असे नाही.

त्या उत्तराच्या बळावर गोरख यांनी अवसरी बुद्रुकचे एक स्थळ आणले.

"दादा, लई मोठं घर हाय. सप्त्यात काल्याच्या दिवशी सुपारी फोडू. तुमी जा न् पोरीला घेऊन या."

"तिला इचारलं का?"

"इचारायचं काय त्यात? साहेबीणबाई आपल्यापेक्षा शानी हाय व्हय?"

घरची द्राक्षे उतरली होती. भगवंतराव निघाले. निघताना त्यांच्या पत्नी प्रयागबाई एवढेच म्हणाल्या, "गेल्या गेल्या पोरीला वरडू नका. आदी ती जेवली का बगा."

विमानतळावरच्या तपासणीत मला डोक्यावरून उतरवून एका ट्रेमध्ये चपलांच्या शेजारी ठेवण्यात आले. तो अपमान मी नियम म्हणून सोसला.

ऑस्ट्रेलियातल्या मिल्डुरा गावाबाहेर मैलोगणती द्राक्षबागा आहेत. तेजस्विनी फोनवर 'बागेत असते' म्हणे. भगवंतरावांनी त्याचा अर्थ बागेचे ऑफिस असा लावला होता. माणूस सोसवते तेवढेच ऐकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्याबरोबर बागेत गेले, तेव्हा ऑफिस कुठेच नव्हते. होत्या वेलींच्या रांगा, क्रेट, आणि तिच्या हातात कात्री. उन्हाने तिचे मनगट रापले होते. ती झपाझप घड कापत होती.

भगवंतराव रांगेत शिरले.

"तेजू, दुसऱ्याच्या बांधाला? आपल्या घरातली बाई कधी दुसऱ्याच्या बांधाला गेली न्हाई गं."

तिने कात्री थांबवली नाही. "आण्णा, आपल्या बागेत बयाबाई तोडणीला येते. तुम्ही तिला माय म्हणता ना?"

"म्हणतो की."

"मनापासून म्हणता?"

दरवर्षी सप्त्यात महाराज सांगतात की कष्ट हीच पूजा, आणि भगवंतराव मान डोलावतात. त्या मानेबरोबर मीही डोलले आहे. ती पूजा आपल्या लेकीने दुसऱ्याच्या रानात केली, तर तिचे पाप कसे होते? माझ्या आतले डोके तापले होते, आणि ते केवळ उन्हाने नव्हे.

मग क्रेटवर पडलेली दुसरी कात्री त्यांनी उचलली आणि लेकीच्या शेजारी घड कापू लागले. शेतकऱ्याला काम चालू असताना उभे राहता येत नाही. पण पाहुण्याच्या व्हिसावर काम करणे हा तिथे गुन्हा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हते.

मुकादमबाई धावत आल्या. इंग्रजीत भराभर बोलल्या.

तेजस्विनी घाबरली. "आण्णा, कात्री ठेवा खाली! तुम्हाला काम करायची परवानगी नाही. तुमचा व्हिसा जाईल."

"काम कोण करतंय? बाईला सांग, ही सावड हाय. आज मी तुज्या रांगंला, उंद्या तू माज्या."

सावड म्हणजे शेजाऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबायचे. त्यात मालक कोणी नसतो, मजूरही कोणी नसतो. तेजस्विनीने सांगून पाहिले, पण सावडीला इंग्रजी शब्द तिला सापडेना. अखेर ती हसू लागली. मुकादमबाईही हसल्या. त्यांनी भगवंतरावांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि सावलीत एक खुर्ची आणून दिली. उन्हासाठी रुंद कडांची एक हॅटही पुढे केली. भगवंतरावांनी खुर्ची घेतली. हॅट घेतली नाही.

संध्याकाळी मुकादमबाईंनी तेजस्विनीने कापलेला काळ्या द्राक्षांचा एक घड त्यांना भेट दिला. ठेवायला भांडे नव्हते. भगवंतरावांनी मला डोक्यावरून काढले आणि घड माझ्यात ठेवला.

"आण्णा, डाग पडेल!"

"पडू दे. देवाला न्यायचाय."

मजुरांच्या खच्चून भरलेल्या गाडीत घडाचे काही मणी चुरगळले आणि तो रस माझ्या अंगात मुरला. तेजस्विनीच्या खोलीत फळीवर भीमाशंकराचा फोटो होता. उरलेली चांगली द्राक्षे धुऊन भगवंतरावांनी त्यापुढे नैवेद्य ठेवला. लेकीच्या कष्टाचे पहिले फळ देवाच्या आधी कोणी चाखले नाही.

जेवताना तेजस्विनी म्हणाली, "मला न्यायला आलात ना?"

"व्हय. काकानं सुपारीचा दिवस धरलाय."

"माझं वर्ष पुरं होऊ द्या, आण्णा. लग्नाला माझी ना नाही. पण मला विचारून करा. आणि त्या पाहुण्यांना मी काय करते ते खरं सांगा."

भगवंतरावांनी माझ्यावर हात ठेवला. "ह्या टोपीची आन. सांगतो."

ते एकटे परतले.

प्रयागबाईंनी मला साबण लावला, लिंबू चोळले. डाग गेला नाही. काल्याच्या दिवशी कीर्तन संपले, पंगती उठल्या, आणि अवसरीचे पाहुणे घरी यायची वेळ झाली. गोरख कोरी करकरीत टोपी घेऊन आले.

"दादा, ती काढा न् ही घाला. पोरगी कामात हाय म्हणून आली न्हाई, एवढंच बोला. ऑफिसाचं मी बघतो."

कोरी टोपी माझ्याकडे पाहत होती. तिचा काही दोष नव्हता. पण ती त्या डोक्यावर चढली असती, तर त्या दिवशी खरोखरच कोणाला तरी टोपी घातली गेली असती. भगवंतरावांनी तिला हातही लावला नाही.

पाहुणे बसले. मुलाचे वडील सुदर्शनराव चौकस. त्यांची नजर पहिल्यांदा माझ्यावरच गेली.

"भगवंतराव, आज काल्याचा दिवस न् टोपीला हे काय लागलं?"

"द्राक्षाचा रस. माझी पोरगी ऑस्ट्रेलियात दुसऱ्याच्या बागंत द्राक्षं तोडती. तिच्या हातचा घड व्हता."

गोरख यांनी सुपारीची ताटली मागे सरकवली.

"आमाला तर ऑफिसात साहेब म्हणून सांगितलं व्हतं!"

"तुमाला टोपी घातली, पावणं. पन ती ही न्हवं."

"राव, पोरीला मजुरीला धाडता आन् वर डाग मिरवता?"

"मिरवतो. ती चोरी करत न्हाई."

सुदर्शनराव उठले. गोरख भावाच्या कानाशी लागले, "दादा, टोपी काढून त्यांच्या पायावर ठेवा. अजून मिटंल."

मुलीच्या बापाने टोपी पायावर ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. कित्येक टोप्या अशा निमूट गेल्या. भगवंतरावांचे दोन्ही हात वर आले. मला वाटले, आता. पण त्यांनी मला काढले नाही. कपाळापर्यंत घट्ट ओढून बसवले.

"वरीस संपल्यावर पोरगी यील. तवा तिलाच इचारा. पटलं तर या."

पाहुणे चहा न घेता गेले. सुपारी अखंड राहिली.

गावात कुजबुज झाली, अजून होते. त्याच संध्याकाळी प्रसादाला आलेली बयाबाई मात्र मोठ्याने म्हणाली, "तेजू तिकडं तोडणी करती म्हनं? मंग माझी जोडीदारीन झाली की!"

"व्हय, माय," भगवंतराव म्हणाले. हा शब्द ते पूर्वीही म्हणत. पण मी डोक्यावर असते. कोणता शब्द ओठातून आला आणि कोणता आतून, हे मला कळते.

आज मी खुंटीवर आहे. कोरी टोपी अजून कागदातच आहे. तेजस्विनीचे वर्ष संपायचे आहे. गोरख परवा ब्लीचची बाटली घेऊन आले होते. प्रयागबाईंनी ती मोरीच्या कामाला लावली.

माणसांनो, धुवायचेच असेल तर दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याकडे पाहताना जे तुमच्या डोळ्यांत येते, ते धुवा. माझ्यावरचा डाग नैवेद्याचा आहे. त्याला हात लावू नका.

आणि खेमचंद शेठ, तुमचा शब्द मी पाळला. मी एकाच डोक्यावर राहिले. कोणाला घातली गेले नाही.