राखून ठेवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. खुर्चीचा जन्म बसण्यासाठी असतो, पण माझ्यावर सात वर्षे कुणी बसलेच नाही. तरी माझी तक्रार नाही. का, ते ऐका.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. माझा एक पाय किंचित आखूड राहिला, तेव्हा त्याने खाली चामड्याचा तुकडा चिकटवला आणि मला थोपटले. त्याचे उपकार मी विसरलेली नाही. पुढे एका मंडळाने मला विकत घेतले. त्यात वकील, डॉक्टर, शिक्षक, संगणकतज्ज्ञ अशी माणसे होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे माणसांबद्दल निर्णय घेतात, तेव्हा कोणते नियम पाळले जावेत, हे ठरवून ती सरकारला कळवीत. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांची बैठक होई.

मंडळाच्या अध्यक्ष वकीलबाईंनी एक प्रथा पाडली होती. यंत्र ज्याच्याबद्दल निर्णय घेते, तो माणूस बैठकीत नसतो. त्याची आठवण राहावी म्हणून एक खुर्ची रिकामी ठेवायची. तो मान मला मिळाला! चिटणीसांना सगळे 'नियमकाका' म्हणत. ते दर बैठकीआधी मला स्वतःच्या रुमालाने पुसत. माझ्यावर कुणी पिशवी ठेवली, तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पाहुणे माझे फोटो काढत. खरे सांगते, मी जरा शेफारले होते.

एकदा रुग्णालयांतल्या यंत्रांविषयीचा मसुदा पक्का करायचा होता. खोली गच्च भरली होती. तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई धापा टाकत जिना चढून आल्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. घरी येणारी परिचारिका रुग्णालयाच्या यंत्राने बंद केली होती आणि दाद कुणाकडे मागायची, हे त्यांना कुणीच सांगत नव्हते. बसायला जागा शोधत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, तिथे नका बसू," नियमकाका नम्रपणे म्हणाले. "ती रिकामी ठेवायची असते."

"कुणासाठी?"

"यंत्र ज्यांच्याबद्दल निर्णय घेतं, त्यांच्यासाठी."

बाई भिंतीला टेकल्या. "मग मी कोण आहे, काका?"

नियमकाकांचा चेहरा उतरला. त्यांनी रुमाल काढून मला पुन्हा पुसले आणि ओढत बाईंपुढे नेले.

"चुकलो, ताई. बसा."

आणि त्या बसल्या! माझा आखूड पाय कुरकुरला, पण मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"घरात मी आहे म्हणून परिचारिका नको, असं यंत्रानं ठरवलं," त्या म्हणाल्या. "पण मला एकटीला सासूबाईंना कुशीवर वळवता येत नाही. हे मला कुणी विचारलंच नाही."

त्याच बैठकीत मसुद्यात नवे कलम आले. यंत्राने नकार दिला, तर अर्जदाराचे म्हणणे माणसाने समोर बसून ऐकावे. वकीलबाईंनी रुग्णालयाला पत्रही धाडले. पुढच्या महिन्यात बाई पुन्हा आल्या, थेट माझ्यावर बसल्या आणि परिचारिका येऊ लागल्याचे त्यांनी सांगितले.

आता दर बैठकीला यंत्राच्या निर्णयाची झळ लागलेल्या कुणाला तरी बोलावतात आणि माझ्यावर बसवतात. कधी ट्रकचालक, कधी एखाद्या विद्यार्थिनीचे वडील. माझ्या हातांवरचे पॉलिश उडाले आहे आणि मला पुसायचे नियमकाकांच्या लक्षातही राहत नाही. पाहुण्यांना जिन्यावरून हात धरून वर आणण्यात ते गुंतलेले असतात. मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

मित्रांनो, कुणासाठी जागा राखलीत, तर त्याला बोलावणेही धाडा. आणि तो उशिरा, धापा टाकत आला, तर काही विचारण्याआधी खुर्ची पुढे सरकवा.