तानाबाईंच्या अंगठ्यातला निरोप्या

मी एक निरोप्या आहे, फार जुन्या घराण्यातला. मुक्काम कोडोली, तानाबाईंच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी. डॉक्टर आम्हाला मज्जातंतूंना वाढवणारे प्रथिन म्हणतात. आमच्यातला एकेक जण फार जगत नाही. एक गेला की दुसरा तयार होतो. म्हणून घराण्याची हकीकत मी माझीच म्हणून सांगतो.

मित्रांनो, तानाबाई आईच्या पोटात होत्या तेव्हा आमचे फार लाड होते. चटका, ठेच, टोचणे कळवणारे कोवळे तंतू आमच्याच जिवावर जगले. आम्ही नसतो तर चुलीत हात भाजला तरी त्यांना समजले नसते. पण मोठेपणी हे कोणाला आठवते? तेव्हा आमच्या वाट्याला शिव्याच येतात.

तानाबाई म्हशीची धार काढत अंगठा मुडपून. सड बोटांत धरायचा आणि मुडपलेल्या पेराने दाबायचा. आईने तसे शिकवले, म्हणून तेच बरोबर. वर्षानुवर्षे ताण पडून सांधा सुजला. सूज आली की आमची भरती होते. आम्ही तंतूंच्या टोकांना बिलगतो आणि त्यांना इतके हळवे करतो की साधा स्पर्शही झोंबतो. आमच्यातले काही तंतूच्या वाटेने पार पाठीच्या कण्यापाशी जाऊन सांगतात, की जागे राहा, इकडचे दुखणे मिटलेले नाही.

आमचे म्हणणे एवढेच होते, की बाई, अंगठ्याला विसावा द्या. पण त्या गोळी गिळायच्या आणि गोठ्यात जायच्या. ठणका दबायचा, झीज चालूच राहायची. एका सकाळी दुधाने भरलेली चरवी हातातून सुटली. डॉक्टर म्हणाले, असेच रेटले तर या अंगठ्याने घासही धरता येणार नाही.

"आत्ती, मी काढते की धार," सून तेजस्वी म्हणाली.

"माझ्याबिगर म्हस पान्हावत न्हाय. दूध ऱ्हायलं तर कास सुजंल तिची."

खरेच होते. तेजस्वी बसली की म्हैस लाथ झाडायची.  मग तानाबाईंनी गोठ्यात नेसायचे आपले लुगडे सुनेपुढे टाकले.

"हे नेस. वास माझा, हात तुझा."

"ह्याला शेणाचा वास येतुया, आत्ती."

"म्हशीला त्योच आवडतुया."

तेजस्वी ते नेसून बसली. म्हशीने पदर हुंगला, कान हलवले आणि पान्हा सोडला. वैरणीआड उभ्या तानाबाईंचे डोळे भरून आले.

"एवढी वर्षं वाटत हुतं, तिला मी पायजे," त्या म्हणाल्या. "लुगडंच पायजे हुतं व्हय!"

अंगठ्याला विसावा मिळाला, सूज उतरली, आमची भरती थांबली. आता मीही निघालो आहे. माझी तक्रार नाही. बाईंवर माझी माया आहे, म्हणून तर ओरडलो. मित्रांनो, दुखले की आमचे तोंड दाबायची घाई करू नका. आधी काय सांगतो आहोत ते ऐका.

काल तेजस्वी धार काढताना अंगठा मुडपू लागली. तानाबाई खाली बसल्या, तिचा हात धरला आणि अंगठा सरळ केला.

"मुठीनं पीळ. माझं बघून शिकू नगंस."

तेजस्वीच्या अंगठ्यातही माझे भाऊबंद आहेत. ते अजून निवांत आहेत.