नागूबाईंचे बावीस लाख

शुक्रवार पेठेतल्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात बुद्धप्रिया कामाला होती. कुणाच्या खात्यात संशयास्पद व्यवहार दिसला, तर तो तपासून सरकारला कळवायची जबाबदारी तिची. एका सकाळी नातेपुत्याच्या नागूबाईंच्या खात्यात एकदम बावीस लाख आले. एरवी त्या वर्षाला चार-पाच हजारांचे शेअर घ्यायच्या.

"जुन्या गिऱ्हाईक आहेत, सोडून दे," मालक अवधूतराव म्हणाले.

"विचारल्याशिवाय कसं सोडू, सर?" असं म्हणून तिनं फोन लावला.

दुसऱ्या दिवशी नागूबाई एसटीनं स्वतःच आल्या. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे कागद आणि बँकेचं पासबुक त्यांनी टेबलावर मांडलं. जमीन एकट्या त्यांच्याच नावावर होती. बुद्धप्रियानं सगळं तपासलं. संशयाला जागा नव्हती, तसं तिनं फाइलमध्ये लिहून ठेवलं.

"मावशी, विचारलं म्हणून राग नाही ना आला?"

"राग कशाचा गं? पैशाचं काय बी असलं की समदी माझ्या पोरालाच इचारत्यात. मला इचारणारी तू पयलीच की!"

नागूबाई खळखळून हसल्या. अवधूतरावांनी त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली आणि तीन चहा सांगितले.