अठराविश्वे

माझ्या धाकट्या बहिणीचं शब्दांवरचं पुस्तक निघालं, त्याचा कार्यक्रम वाचनालयात होता. मी शिवणाचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून गेले. तिच्या अंगावरचा कोट मीच शिवलेला. पहिल्या रांगेत बसून त्याच्या खांद्याची शिवण बघत होते.

ती उभी राहिली. "अठराविश्वे दारिद्र्य असं आपण सहज म्हणतो. पण अठराविश्वे म्हणजे अठरा विसे. अठरा वेळा वीस, तीनशे साठ. वर्षातल्या एकाही दिवशी जे पाठ सोडत नाही, ते. महिनाअखेरीच्या ओढाताणीला हा शब्द वापरू नये." मग जरा थांबून म्हणाली, "मी ते पाहिलंय. आमच्या घरी होतं."

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. माझा मात्र नुसता जळफळाट झाला. हिने कधी पाहिलं? ही जन्मली तेव्हा वडिलांना छापखान्यात लागून दोन वर्षं झाली होती. हिला शाळा होती, कोऱ्या वह्या होत्या, मापाचे बूट होते. नवव्या वर्षी शिंप्याकडे काजं करत बसले ती मी. आणि त्या दिवसांना काय म्हणतात, हेसुद्धा मला आज हिच्याच तोंडून कळावं!

दोघी घरी आलो. मी चहा केला. कप तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "तुझ्या वेळी ओढाताण होती. अठराविश्वे माझ्या वेळी. ते आपलं म्हणून सांगत फिरू नकोस."

तिचा चेहरा उतरला. "आईकडून ऐकलं होतं गं, ताई. इतक्यांदा, की माझंच वाटायला लागलं."

"बटाट्याच्या सालींचं सांगितलं होतं आईने?"

"नाही."

"मग तुला काय डोंबल ठाऊक!"

"सांग ना," ती म्हणाली आणि पर्समधून वही काढली.

"ती आधी आत ठेव."

वही आत गेली, तेव्हा सांगितलं. शेजारणीच्या कचऱ्यातून मी साली आणायचे, आई त्या उकडायची. एकदा आईच्या लक्षात आलं, की शेजारीण हल्ली साली मुद्दाम जाड काढतेय. त्या दिवशी आईने मला वाढलं, स्वतः जेवली नाही.

धाकटी हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पण खरं सांगायचं तर, मला फार बरं वाटत होतं.