सतरा नंबरचं घर

राजारामपुरीतल्या एका बोळात आकारामतात्यांचं टायपिंग-बायंडिंगचं दुकान. तिथं मी अकरा वर्षं काढली. विद्यापीठातली पोरं हातानं लिहिलेले गठ्ठे आणायची, मी टाईप करायची, तात्या काळ्या रेक्झिनमध्ये बांधून पाठीवर सोनेरी अक्षरं दाबायचे. एका प्रबंधाच्या पाच प्रती. मी बारावी पास, पण पीएचड्या किती केल्या विचारा. फिजिक्स केलं, शेती केली, शिक्षणशास्त्र केलं. डिग्री तेवढी दुसऱ्यांना मिळाली.

मार्च आला की जीव नको व्हायचा. सगळ्यांनाच एकतीस तारखेच्या आत सबमिट करायचं असायचं. मान अवघडलेली, डोळ्यांची आग आग, आणि ही पोरं आपली टेबलाला टेकून उभी. मॅडम, कुठवर आलं? तुझ्या मुंडक्यावर आलं, म्हणावं वाटायचं. म्हणत नव्हते.

पहिला घोळ उदयसिंहच्या प्रबंधात झाला. हा फिजिक्सचा पोरगा. काचेवर कसलासा पातळ थर चढवायचा आणि त्याच्यापासून उन्हात वीज किती होते ते मोजायचं, यात त्यानं चार वर्षं घालवलेली. निष्कर्षात त्यानं लिहिलं होतं ०.३ टक्के. त्याच्या आधी असलेच तीन प्रबंध मी केले होते, त्यांच्यात चार, पाच, साडेतीन असे आकडे. मला वाटलं, घाईत एक शून्य जास्तीचं पडलंय. पोराचं नुकसान नको म्हणून मी सगळीकडं ३ केलं. शहाणपणा नडला. पाची प्रती बांधून झाल्यावर त्यानं शेवटचं पान उघडलं आणि स्टुलावर बसलाच.

"मॅडम, ते शून्य पूर्णांक तीनच आहे," तो म्हणाला. "चार वर्षांत तेवढंच आलं. गाईड पण म्हणत होते, थोडं वाढवून लिही. मी नाही म्हटलं."

पाची प्रती फाडून पुन्हा बांधल्या. तात्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, पण एक वाक्य ऐकवलं, ते डोक्यात बसलं. तू टायपिस्ट, गाईड न्हवंस. समोर येईल ते उतरवायचं, डोकं घालायचं नाही. त्या दिवसापासून मी डोकं घालायचं बंद केलं. खरं सांगू, बरंच वाटलं. थकलेल्या माणसाला असला नियम लई सोयीचा पडतो.

पुढच्या वर्षी, म्हणजे २००२ ला, अतुल नावाचा एम.फिल.वाला घरकुल योजनेवरचा प्रबंध घेऊन आला. बारा गावं, प्रत्येक गावाचा तक्ता. सातवा तक्ता आमच्या गावाचा होता. नदीकाठचं गाव, बौद्धवाडा, मंजूर घरं छत्तीस. सतरा नंबरला नाव होतं बयाबाई. पुढच्या रकान्यात 'घर पूर्ण', त्याच्या पुढं 'लाभार्थी समाधानी'.

बयाबाई माझी आई. तिच्या घराच्या भिंती तीन वर्षं झाली उभ्या होत्या. वर काय नाही. पत्रे यायचे होते ते आलेच नाहीत. आई चुलत्यांच्या पडवीत राहायची, आणि बाबासाहेबांचा फोटोसुद्धा तिथंच, दुसऱ्याच्या खिळ्याला.

मी अतुलला विचारलं, गावात जाऊन आलात काय? तो म्हणाला, बारा गावं कुठं फिरणार मॅडम, तालुक्याच्या ऑफिसातली यादी आहे, अधिकृत. कॉलेजातल्या नोकरीचा त्याचा इंटरव्ह्यू चार दिवसांवर आलेला, डोळे माझ्यापेक्षा लाल. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तू टायपिस्ट, गाईड न्हवंस. 'घर पूर्ण' टाईप केलं, 'समाधानी' टाईप केलं, आणि अठरा नंबरवर गेले. एक प्रत त्यानं आभार म्हणून त्या ऑफिसला भेट दिली.

वर्ष गेलं. मे महिन्यात मी शिवानीमॅडमचा प्रबंध करत होते. त्या डी.एड. कॉलेजात शिकवायच्या. प्रशिक्षण घेतलेले चाळीस शिक्षक वर्गात पुढं काय करतात, ते त्यांनी मागच्या बाकावर बसून पाहिलं होतं. निष्कर्ष असा, की मुलानं फळ्यावरचं नीट उतरवलं की शिक्षक शाबासकी देतात. फळ्यावरचं चुकलंय असं मूल म्हणालं की त्याला खाली बसवतात. प्रशिक्षणानंतरही यात फरक पडलेला नाही.

माझे हात थांबले. शाळेत उतरवण्यात माझा कायम पहिला नंबर. बाई माझी वही वर्गभर फिरवायच्या.

तेवढ्यात आई दारात. सकाळच्या एसटीनं आलेली, पायांना धूळ, हातात घडी घातलेला झेरॉक्स. ऑफिसात चौथ्यांदा पत्रे मागायला गेलती. तिथल्या साहेबानं मान वर न करता कपाटातनं काळं पुस्तक काढलं. आमच्याच कागदावर न्हवं, विद्यापीठाच्या संशोधनातसुद्धा तुमचं घर पूर्ण आहे म्हणाला. आईनं त्या पानाचा झेरॉक्स मागून घेतला, पोरगी शिकलेली आहे, वाचून सांगेल म्हणून.

मला वाचायची गरज नव्हती. तक्त्यातल्या आकड्यापुढं दोनदा जागा सोडायची माझी खोड लांबनंसुद्धा दिसत होती.

"कुणी लिवलंय ह्ये?" आईनं विचारलं.

"मी."

मी सगळं सांगितलं. पोरानं यादी उतरवली, ती मी उतरवली, आणि आता ऑफिस आमचंच उतरवलेलं आम्हाला दाखवतंय.

"तवा तुला म्हाईत नव्हतं व्हय, डोस्क्यावर छप्पर न्हाय ते?"

"माहीत होतं, आई."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उदयसिंह बसला होता त्याच स्टुलावर बसली. मला इतकी लाज वाटली की कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

मग मी अर्ज लिहूया म्हटलं. तिनं मान हलवली. तीन अर्ज दिले होते, तिन्ही हरवले.

"सुट्टा कागद त्येनी टेबलाखाली सारत्यात," ती म्हणाली. "तसलंच पुस्तक कर. काळं. सोन्याच्या अक्षराचं."

तात्या हसले. एका पानाचं कसलं बायंडिंग, म्हणाले. मग आईच्या पायांकडं बघितलं आणि रेक्झिन कापायला घेतलं. मी टाईप केलं: सतरा नंबरच्या घराला छप्पर नाही, मी स्वतः पाहिले आहे. खाली आईचा अंगठा, त्याच्या खाली माझी सही, पूर्ण नावानिशी. अकरा वर्षांत टाईप केलेल्या पानावर माझं नाव पहिल्यांदाच पडलं. एका पानानं पाठ उभी राहत नाही, म्हणून तात्यांनी मागं शंभरभर कोरी पानं घातली आणि पाठीवर सोनेरी दाबलं, बयाबाई. पैशाचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाडा करून आईबरोबर गेले. साहेबानं मान वर केली नव्हती, पण काळं रेक्झिन दिसल्यावर केली. दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं, आम्हाला बसा म्हणाला. पहिलं पान वाचलं. उलटलं. पुढचं उलटलं. मग अंगठ्याखालनं सगळीच पानं सोडली.

"पुढं तर सगळं कोरंच आहे," तो म्हणाला.

"ते तुमी लिवायचं, सायेब," आई म्हणाली. "येऊन, बघून."