आडवा हात

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. कमरेला पट्टा बांधलेले, मानेला कॉलर लावलेले, सगळे टाचा उंचावून पुढे पाहत होते. टाचा उंचावायला डॉक्टरांनी ज्यांना मनाई केली होती, तेही.

पुढे माणसाएवढा आरसा आणि शेजारी आरसेबाबा. "दुखणं शरीरात नसतंच," बाबा सांगत होते. "तुम्ही स्वतःला आजारी समजता, म्हणून आजारी. आरशात स्वतःचं खरं रूप बघा. गोळ्या मात्र बंद. गोळी घेतली की खरं रूप रुसतं." सांधे ठणकत असले की असलं बोलणं फार गोड लागतं.

शिवणकाम करणाऱ्या काकूंनाही ते गोड लागलं होतं. आठ वर्षं त्यांच्या बोटांची पेरं सुजत होती. गिऱ्हाईक आलं की त्या हात कापडाखाली लपवायच्या. असल्या हातांची बाई काय शिवणार, असं त्यांचं त्यांनाच वाटायचं. महिन्यापूर्वी त्या या आरशासमोर हात सोडून उभ्या राहिल्या आणि बोटं दिसली लांबसडक, लग्नाआधीची. काकू ढसाढसा रडल्या. घरी जाऊन त्यांनी गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा बरा गेला. चौथ्या आठवड्यात हातातून कात्री गळून पडली, आणि ती उचलायला सुनेला हाक मारावी लागली.

आज सून सोबत आली होती.

"अजून स्वतःला आजारीच समजताय," काकूंची सुजलेली बोटं बघून बाबांनी ठपका ठेवला. "नीट बघा."

काकूंनी नीट बघितलं. अंगात त्यांनीच शिवलेला चौकडीचा कुर्ता होता. आरशात त्याच्या चौकड्या उभट दिसत होत्या. चाळीस वर्षं कापड कापणाऱ्या बाईला बाकी काही नाही तरी चौकोन कळतो. त्यांनी हळूच हात वर घेऊन आडवा धरला. बोटं एकदम आखूड झाली, आणि सूज खरी होती तेवढीच दिसली.

"बाबा," काकू म्हणाल्या, "उभा हात बरा आणि आडवा हात आजारी, हा कुठला रोग?"

रांगेतले दोघेचौघे पुढे येऊन हात आडवे करू लागले. तेवढ्यात सून आरशामागे गेली.

"आई, मागे मधोमध उभी लाकडी पट्टी ठोकलीय. दोन्ही बाजूंच्या कडा स्क्रूने मागे ओढल्यात. पातळ आरसा आहे, पुढे फुगलाय. म्हणून सगळं बारीक दिसतं."

"ती आधाराची पट्टी आहे," बाबा म्हणाले.

"पण मला खरंच बरं वाटलं होतं हो," कमरेला पट्टा बांधलेले एक आजोबा कळवळून म्हणाले.

"मलाही," काकू म्हणाल्या. "आपलं दुखणं चार दिवस उतरतं, चार दिवस चढतं. उतरलं की आरशाची करणी, चढलं की आपली चूक."

दुसऱ्या दिवशी काकू डॉक्टरांकडे गेल्या, बोलणी खाल्ली आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता त्यांचे हात टेबलावर, सगळ्यांसमोर असतात. कुणी टक लावून बघितलंच तर म्हणतात, "दुखतात. थांबत थांबत शिवते. मंगळवारी या." हात लपवायचा ताण गेला, तेवढं सोसणं हलकं झालं.

स्वतःकडे कसं बघावं हे ज्याचं त्यानं जरूर ठरवावं, त्यानं बळ येतं. पण त्यापायी औषध सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर नमस्काराला जोडण्याआधी हात एकदा आडवा धरून बघा.