झोपाळ्यावरची टाकी

सरोजिनीताईंच्या पन्नास वर्षांच्या फियाटची टाकी आतून इतकी गंजली, की इंजिनाकडे पेट्रोलऐवजी तांबडा गाळच जायचा. म्हसळ्याच्या दादू मिस्त्रीने टाकी उतरवली आणि हात झटकले. "बाई, ही गेली. नवी मिळायची न्हाय."

मुंबईहून आलेल्या भाच्याने, विहंगने, तर परस्पर भंगारवाल्याला रविवारी बोलावलं. "आत्या, पुरे कर आता हट्ट."

ताईंनी वाडीतली बिंबलं पाडली. कोयत्याचा गंज त्यांची आई याच आंबट फळाने काढायची. टाकीचा गंज काय निराळ्या जातीचा असतो? बिंबलं ठेचून त्यांचं पाणी टाकीत ओतलं, वर खाडीतले ओंजळभर गोटे टाकले आणि टाकी ओटीवरच्या झोपाळ्याला आवळून बांधली. तीन दिवस त्या येता-जाता झोका देत राहिल्या. त्या खडखडाटात विहंगला ऑफिसचे फोन घेता येईनात.

"माडांखाली जाऊन बोल," ताई म्हणाल्या. "झोपाळा माझा आहे."

शनिवारी सगळं काळं पाणी ओतून देऊन त्यांनी टाकी सोड्याने धुतली, उन्हात खडखडीत वाळवली. बॅटरीच्या उजेडात आतला पत्रा लखलखला. दादूने ती परत बसवली.

रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात यायला आणि फियाट सुरू व्हायला एकच गाठ पडली. ताईंनी काच खाली केली.

"टेम्पो मागे घ्या, मला बाजारात जायचंय. आणि या वीस वर्षांनी. तेव्हा आम्हा दोघींना एकदमच तोला."